बुरशीच्या काळ्या रेषा, गाठाळ फुगवटा आणि आत शिरलेली साल: अशा ओंडक्यातून शोभेचे पात्र कसे उतरवावे?

नवा_लेथवाला

वादळात उन्मळून पडलेल्या एका जुन्या आंब्याच्या खोडाचा ओंडका माझ्याकडे आला आहे. त्याचा व्यास सुमारे ४० सेंमी आणि लांबी ५५ सेंमी असून, कापल्यानंतर तो बरेच महिने मातीला टेकून ओलाव्यात पडून होता. एका अंगाला साधारण २० सेंमी रुंदीचा गाठाळ फुगवटा आहे. त्याच्या थोडे वर, जिथे पूर्वी दोन फांद्या फुटल्या होत्या त्या बेचक्यात, साल लाकडाच्या आत शिरलेली असून तिथे बोट जाईल एवढी पोकळी दिसते. दोन्ही तोंडांवर बोरूने ओढल्यासारख्या काळ्या रेषा पसरल्या आहेत आणि त्या रेषांच्या आत कुठे पिवळट, कुठे जवळजवळ पांढरे लाकूड आहे. पांढऱ्या भागात एकदोन ठिकाणी नख दाबले की रुतते. तोंडांवर मध्यापासून निघालेल्या भेगाही आहेत, पण त्या किती खोल गेल्या आहेत याचा मला अंदाज येत नाही.

माझ्या लेथवर ३५ सेंमी व्यासापर्यंतचे काम फिरू शकते. साध्या वाडग्यांचा सराव मला आहे, परंतु अरुंद तोंडाचे पोकळ पात्र मी आजवर केलेले नाही. या ओंडक्यातून निव्वळ शोभेचे, शक्य झाल्यास २५ सेंमी उंचीचे पात्र घडवावे, त्यात फुगवट्याची नक्षी आणि ती पोकळी दोन्ही दिसावी, अशी इच्छा आहे. ओंडका कोणत्या दिशेने चिरावा, लाकूड ओले असतानाच काम पुरे करावे की वाळवून करावे, मऊ पडलेल्या भागाचे काय करावे, आणि मुळात असे लाकूड लेथवर चढवणे सुरक्षित आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_कातारी

अशा लाकडाचे पात्र लेथवर ठरत नाही, ते करवतीखाली ठरते. पहिले दोन काप विचार न करता दिले, तर पुढे हत्यार कितीही धारदार असो, फुगवट्याची सारी नक्षी ढलप्यांबरोबर खाली जाते आणि हातात साधे पिवळे लाकूड उरते. म्हणून आधी खडू घेऊन ओंडक्याभोवती बसा, करवत नंतर.

पहिला प्रश्न मज्जेचा, म्हणजे खोडाच्या मधोमध जाणाऱ्या त्या कोवळ्या बिंदूचा. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आक्रसत नाही. बहुतेक जातींमध्ये वलयांच्या कडेने ते साधारण ६ ते १० टक्के आक्रसते, मज्जेपासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या जवळपास निम्मे, आणि खोडाच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. परिघाला जेवढे आखडायचे असते तेवढी वाट त्रिज्या देत नाही, त्यामुळे अखंड गोल ओंडका कुठेतरी चिरणारच. तुमच्या तोंडावरच्या भेगा याच ओढाताणीच्या आहेत. पात्राच्या भिंतीत किंवा बुडात मज्जा राहिली, तर आज धडधाकट दिसणारे काम पुढे वाळताना नेमके तिथे फुटते. तेव्हा ओंडका लांबीच्या दिशेने मज्जेतून उभा चिरावा आणि दोन्ही अर्धुकांवरून मज्जेची २ ते ३ सेंमी जाडीची पट्टी काढून टाकावी.

त्याआधी तोंडांवरच्या भेगांची खोली पाहावी लागेल. एका तोंडाकडून ४-५ सेंमीचा तुकडा कापून टाका, मग त्याच जागेवरून जेमतेम अर्ध्या सेंमीची पातळ चकती काढा आणि ती दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा. डोळ्यांना न दिसणारी भेग चकतीत असेल, तर वाकवताच ती उघडते. चकती निर्दोष निघेपर्यंत मागे सरकत जा. लाकूड वाया जाते म्हणून हळहळ वाटते, पण ते लाकूड आधीच गेलेले असते.

आता आकार. येथे तुमच्या इच्छेला थोडी मुरड घालावी लागेल असे माझे स्पष्ट मत आहे. २५ सेंमी उंचीचे पात्र हवे असेल, तर लाकडाच्या रेषा (काळ्या रेषा नव्हे, तंतूंची दिशा) पात्रात उभ्या ठेवाव्या लागतील, म्हणजे अर्धुकाच्या लांबीतून पात्राची उंची निघेल. परंतु ४० सेंमीच्या ओंडक्याच्या अर्ध्या भागात, मज्जा वगळल्यावर, जास्तीत जास्त १७-१८ सेंमी व्यासाचे वर्तुळ बसते. म्हणजे पात्र उंच होईल, पण सडपातळ, आणि फुगवट्याचा मोठा भाग गोल करतानाच छाटला जाईल. याउलट रेषा आडव्या ठेवून, बूड मज्जेच्या बाजूला आणि तोंड सालीच्या बाजूला घेतले, तर उंची १६-१७ सेंमीवर थांबते, पण रुंदी सुमारे ३० सेंमी मिळते आणि फुगवटा बरोबर पात्राच्या खांद्यावर येतो. पाहणाऱ्याची नजर बसक्या घड्याच्या खांद्यावरच आधी पडते, तेव्हा नक्षी तिथे असणे हे उंचीपेक्षा मोलाचे आहे. नेहमीच्या वाडग्याप्रमाणे तोंड मज्जेकडे ठेवण्याची चूक मात्र करू नका. तसे केल्यास फुगवटा बुडाखाली जातो आणि तिथे तो कुणालाच दिसत नाही.

बेचक्यातल्या पोकळीबद्दल एक खबरदारी घ्यायला हवी. जिथे साल आत शिरते, तिथे दोन्ही बाजूंच्या लाकडाचे तंतू एकमेकांत गुंतलेले नसतात, मध्ये नुसता थर असतो. हा थर भिंतीतल्या एखाद्या खिशापुरता असेल, तर त्याची शोभा होते. तो ठोकळ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार जात असेल, तर तो ठोकळा फिरवूच नये, कारण ते एकमेकांना टेकलेले दोन तुकडे आहेत. चिरल्यानंतर दोन्ही अंगांनी नीट पाहा आणि मगच पुढचे ठरवा.

काष्ठ_अभ्यासक

वरील प्रतिसादात चिरण्याविषयी पुरेसे आले आहे, म्हणून मी केवळ काळ्या रेषा आणि मऊ भाग यांविषयी लिहितो.

हे दोन्ही बुरशीचे काम आहे. लाकडातले लिग्निन (तंतूंना कडक ठेवणारे द्रव्य) खाणाऱ्या, पांढरी कूज करणाऱ्या बुरशींमुळे लाकूड फिकट पडते. वेगवेगळ्या बुरशींच्या, किंवा एकाच बुरशीच्या निरनिराळ्या वसाहतींच्या सीमा भिडतात, तिथे त्या मेलॅनिनयुक्त गडद तटबंदी उभी करतात. आपल्याला ती रेषा दिसते, पण प्रत्यक्षात तो लाकडाच्या आत उभा राहिलेला, वाकडातिकडा, बंद पडदा असतो आणि आपण जिथे कापू तिथे त्याची कड दिसते. याचा कातकामाशी थेट संबंध आहे. हत्यार दोन मिलिमीटर आत गेले की संपूर्ण नकाशा बदलतो, एखादी रेषा नाहीशी होते आणि दुसरीकडे नवे बेट उगवते. म्हणून ओबडधोबड उतरवताना दिसलेल्या एखाद्या सुंदर आकृतीच्या मोहात पडून भिंत जाड सोडू नये, कारण तिच्याखाली काय आहे हे वरून सांगता येत नाही. बुरशी तंतूंच्या दिशेने लवकर पसरते, त्यामुळे आडव्या रेषांच्या पात्रात दोन बाजूंना लांबट वळणे आणि उरलेल्या दोन बाजूंना लहान, बंद बेटे दिसतील.

लाकडाचा रंग आणि त्याची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काळ्या रेषा असूनही लाकूड भक्कम असू शकते, आणि वरून किंचितच फिकट दिसणारे लाकूड आतून खचलेले असू शकते. तपासण्याची जुनी आणि खात्रीची रीत अशी: टोकदार आरी तंतूंच्या दिशेला आडवी धरून किंचित रुतवा आणि वर उचला. लांब, तंतुमय कुसळ चिरत वर आली, तर लाकूड निरोगी आहे. कुसळ न निघता आरीच्या वरच लाकूड कट्‌कन आखूड तुटले, तर तंतूंची ताकद गेलेली आहे. विशेषतः ज्या भागात चक (लाकूड जबड्यांत पकडणारा लेथचा भाग) धरणार किंवा फेसप्लेटचे (लाकूड स्क्रूंनी जोडायच्या चकतीचे) स्क्रू जाणार, तिथे ही परीक्षा अनेक ठिकाणी करा.

कूज थांबवण्यासाठी वेगळ्या औषधाची आवश्यकता नाही. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली गेला की ही बुरशी वाढू शकत नाही. ओंडका मात्र आजच मातीवरून उचला, कारण तुम्ही आकाराचा विचार करत असताना ती आपले काम करतच आहे.

जाता जाता, बुरशीने रंगवलेल्या लाकडाचे आकर्षण आजचे नाही. युरोपात १५व्या आणि १६व्या शतकांत लाकडी जडावकामात हिरवा-निळा रंग हवा असेल, तिथे विशिष्ट बुरशीने रंगलेले लाकूड बसवलेले आढळते. लेथवर अशा लाकडाला आणि गाठींना प्रतिष्ठा मिळाली ती बरीच अलीकडे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यात मेल आणि मार्क लिंडक्विस्ट या अमेरिकन पितापुत्रांचा वाटा मोठा आहे. त्याआधी बहुतेक कारागीर असा ओंडका खराब म्हणून बाजूला टाकत.

ओलेकाम

माझे मत थोडे निराळे आहे. ओल्या लाकडातच भिंत एकसारखी ५-६ मिमीपर्यंत पातळ करून काम एका बैठकीत संपवावे. एवढी पातळ भिंत वाळताना वाकते, पण सहसा फुटत नाही, कारण आतल्या आणि बाहेरच्या थरांत ओलाव्याचा फरक फार काळ राहत नाही. ३० सेंमी रुंदीचे पात्र वाळल्यावर रेषांच्या आडव्या दिशेने सुमारे सेंटिमीटरभर अरुंद होईल आणि तोंड लंबगोल होईल. अशा ओंडक्याच्या पात्राने अगदी गोल का राहावे, हेच मला कळत नाही. फुगवट्याचे लाकूड सर्व दिशांनी गुंतलेले असल्याने त्या भागात बारीक सुरकुत्या उठतील, त्या तर हाताला फारच सुखद लागतात. वर्षभर कपाटात ठोकळा जपून ठेवण्याची चिकाटी प्रत्येकाकडे असतेच असे नाही.

जुना_कातारी

निरोगी लाकडासाठी वरील सूचना उत्तम आहे आणि मीही ती पुष्कळदा वापरतो. परंतु येथे तीन अडचणी एकत्र आल्या आहेत. मऊ लाकूड ५ मिमी जाडीला स्वतःचे वजनही नीट पेलत नाही. भिंतीत पोकळी असल्यामुळे आक्रसण्याचा ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही, तो पोकळीच्या टोकाशी गोळा होतो. शिवाय मऊ भाग कडक करण्यासाठी जी द्रव्ये वापरायची, ती ओल्या लाकडात खोल शिरत नाहीत. पातळ सायनोअॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) तर ओलाव्याच्या संपर्काने वरच्या वरच गोठते आणि पांढरा फेस धरते. तेव्हा या ओंडक्यापुरते तरी दोन टप्प्यांत काम करावे, असे मी म्हणेन.

पहिल्या टप्प्यात बाहेरचा आकार उतरवा आणि तोंड अंतिम मापापेक्षा मोठे ठेवून आतून पोकळ करा. भिंतीची जाडी व्यासाच्या सुमारे दहावा भाग ठेवण्याचा संकेत आहे, म्हणजे ३० सेंमीसाठी ३ सेंमी. बूडही तेवढेच जाड ठेवा. भिंत ३ सेंमी आणि बूड ७ सेंमी असे झाले, तर तडा कुठे जाईल ते वेगळे सांगायला नको. त्यानंतर ज्या दोन बाजूंना तंतूंची कापलेली टोके उघडी पडतात तिथे मेणाचा लेप द्या आणि पात्र कागदी पिशवीत ठेवा. पुष्कळ जण पिशवीत ओले ढलपेही भरतात, पण बुरशी असलेल्या लाकडाबाबत ते टाळावे, नाहीतर आठवड्याभरात पृष्ठभागावर करडी लव दिसू लागते. पिशवी कोरडी पडलेली हवी आणि सुरुवातीला ती वरचेवर बदलावी. पात्रावर तारीख आणि वजन पेन्सिलीने लिहीत जा. काही आठवडे वजन स्थिर राहिले, म्हणजे लाकूड त्या जागेच्या हवेशी जुळले असे समजावे. याला काही महिने लागतील.

नवा_लेथवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओंडका मातीवरून उचलून चिरला. एका तोंडाकडून जवळजवळ ७ सेंमी टाकून द्यावे लागले, त्यानंतरची चकती वाकवल्यावर भेग उघडली नाही. आत शिरलेली साल आरपार गेलेली नाही. ती फुगवट्यापासून आतल्या दिशेने निमुळती होत अर्ध्या वाटेत संपते. सुया टोचण्याचा ओलावा-मापक २८ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आकडे दाखवतो. आरीची परीक्षा घेतली असता मज्जेकडचा भाग चांगला निघाला, खांद्यावरचे दोन पांढरे पट्टे मात्र आखूड तुटतात. मी बसक्या घड्याचा आकार निश्चित केला आहे. गोलसर कापलेला ठोकळा ११ किलो भरला आणि फुगवट्यामुळे त्याचा तोल एका बाजूला झुकलेला आहे. तो लेथवर कसा धरावा, किती वेगाने फिरवावा आणि पोकळीपाशी हत्यार कसे चालवावे?

जुना_कातारी

तुमच्या मापकाचा आकडा ३० च्या आसपास आहे, म्हणजे प्रत्यक्ष ओलावा त्याहून अधिकही असू शकतो, कारण त्या पातळीच्या वर असे मापक भरवशाचे राहत नाहीत. कामाच्या दृष्टीने लाकूड ओलेच समजा.

मज्जेकडचे लाकूड निरोगी आहे ही फार चांगली गोष्ट आहे, कारण बूड तिकडेच आहे. पण थेट बुडाकडून सुरुवात करायची नाही. प्रथम तोंडाच्या बाजूला, जो भाग पुढे पोकळ होताना निघूनच जाणार आहे तिथे, साल काढून सपाट जागा करा आणि फेसप्लेट लावा. स्क्रू निदान ३ सेंमी आत, निरोगी लाकडात गेले पाहिजेत. येथे स्क्रू तंतूंच्या आडवे जात असल्याने पकड चांगली मिळते. त्या जागी पांढरा पट्टा आला, तर फेसप्लेट सरकवा किंवा मऊ थर संपेपर्यंत खाली खोदा. दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा (लेथच्या समोरच्या टोकाला सरकणाऱ्या आधाराचा) आधार ठेवा आणि बाहेरचा आकार उतरवून बुडाशी चकसाठी गोल खुंटा तयार होईपर्यंत तो आधार हटवू नका. खुंट्याचा व्यास पात्राच्या एकतृतीयांशाहून कमी नको. त्याच्याभोवतीचा खांदा चकच्या जबड्यांवर सपाट टेकायला हवा, आणि खुंट्याचे टोक मात्र चकच्या तळाला लागता कामा नये. खरी पकड खांद्यावरून मिळते.

वेगाचा एक ढोबळ हिशोब प्रचलित आहे: इंचांतला व्यास आणि मिनिटातले फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,०००च्या दरम्यान असावा. ३० सेंमी म्हणजे जवळपास १२ इंच, म्हणून ५०० ते ७५० फेरे. पण हा हिशोब तोल साधलेल्या, निर्दोष लाकडाचा आहे. तुमचा ठोकळा त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने सुरू करा आणि लेथ थरथरणार नाही इतपतच वेग वाढवा. मऊ आणि पोकळी असलेल्या लाकडासाठी मी तर शेवटपर्यंत ५००च्या वर जात नाही. वेग दुप्पट केला की सुटलेल्या तुकड्याचा जोर चौपट होतो, हे डोक्यात पक्के असावे. लेथ सुरू करताना फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेत उभे राहू नका.

बाहेरचा आकार उतरवताना खोल पन्हळीची पटाशी बुडाकडून खांद्याकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे न्या, त्यामुळे आडवे तंतू मागच्या तंतूंच्या आधाराने कापले जातात. खांद्याच्या पुढे तोंडाकडे आकार पुन्हा अरुंद होतो, तिथे दिशा उलटवून तोंडाकडून खांद्याकडे या. पोकळीपाशी अर्ध्या फेऱ्यात लाकूड लागते आणि अर्ध्या फेऱ्यात नुसती हवा. अशा वेळी हाताचा नैसर्गिक कल हत्यार आत ढकलण्याचा असतो, आणि पुढच्या क्षणी पोकळीची कड येऊन आदळते. हत्याराची पाठ लाकडाला टेकवून, शरीराने हळू पुढे सरका आणि कापाचा आवाज ऐकत राहा. तुटक टकटक एकाच लयीत येत असेल तर ठीक, लय बिघडली की थांबा. मागे काळा कागद लावला, तर फिरणाऱ्या पोकळीची धूसर सावली दिसते आणि भिंतीची खरी कड कुठे आहे ते कळते.

आतून पोकळ करण्यासाठी जाड दांड्याचे, टोकाशी लहान पाते असलेले हत्यार वापरा आणि टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) तोंडाच्या अगदी जवळ आणा. तोंडाच्या आत खांद्याखाली जाताना सरळ हत्यार पोहोचत नाही, तिथे वाकड्या मानेचे लागते. ढलपे वारंवार बाहेर काढा. ओल्या ढलप्यांचा गोळा अरुंद तोंडात अडकला की हत्यार जखडते. भिंतीची जाडी मोजताना दर वेळी लेथ पूर्ण थांबवा, आणि लेथ फिरत असताना बाहेरून पोकळीपाशी हात टेकवण्याचा विचारही करू नका.

पॉलिश_पेपर

आत्तापर्यंत कुणी धुळीचा उल्लेख केला नाही, म्हणून आधी तो करतो. लाकडाची धूळ, विशेषतः पानगळीच्या आणि रुंदपर्णी वृक्षांच्या कठीण लाकडाची धूळ, कर्करोगकारक म्हणून मान्य झालेली आहे, आणि बुरशीच्या लाकडाच्या धुळीत बीजाणूही असतात. ज्यांना दमा किंवा अॅलर्जी आहे, त्यांनी असे लाकूड घासूच नये असे माझे मत आहे. इतरांनी कापडी फडके न बांधता बारीक कणांसाठीचा, नाकाशी घट्ट बसणारा मास्क वापरावा आणि त्यावर संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल घालावी. साधा चष्मा उडालेल्या सालीपासून डोळे वाचवील, पण जबडा वाचवणार नाही. आंबा ज्या कुळातला आहे त्या कुळातील झाडांचा चीक पुष्कळांच्या त्वचेला बाधतो, तेव्हा ओले काम करताना हाताला खाज सुटते का, याकडेही लक्ष असावे.

मऊ पट्ट्यांसाठी माझी पद्धत अशी आहे. पात्र वाळल्यानंतर, अंतिम काप घेण्यापूर्वी, त्या संपूर्ण भागावर मेणरहित लाखेचे पातळ द्रावण दोनतीनदा द्यावे. लाखेचा थर आधी दिल्याने, पुढे वापरलेल्या सायनोअॅक्रिलेटचे डाग आजूबाजूच्या निरोगी लाकडात पसरत नाहीत. मग जिथे नख रुतते तिथेच पातळ सायनोअॅक्रिलेट थोडे थोडे सोडावे. ते शोषले जाताना तापते आणि त्याच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, म्हणून खिडकी उघडी हवी. सांडलेले पुसायला सुती फडके घेऊ नका. सुतावर त्याची प्रक्रिया इतकी जलद होते की हात भाजतो. निर्वातात राळ शोषवून सबंध लाकूड कडक करण्याची पद्धतही आहे, परंतु ३० सेंमीच्या पात्राला मावेल असे भांडे आणि भट्टी घरच्या कामासाठी मिळणे अवघड आहे.

कडक केलेल्या भागावरून ताजी धार लावलेल्या हत्याराने अगदी हलके, तिरके काप घ्या. स्क्रेपर (खरवडण्याचे हत्यार) सपाट धरला तर मऊ तंतू मुळापासून उपटले जातात. तोच साधारण ४५ अंशांत तिरका धरला, की रेशमासारखे बारीक ढलपे निघतात. घासताना मऊ लाकूड लवकर झिजते आणि काळ्या रेषा मागे उंच राहतात, त्यामुळे बोटाला लाटा लागू लागतात. हे टाळायचे असेल, तर पॉलिश पेपर बोटांनी न दाबता कडक पट्टीवर गुंडाळून वापरा. १२० क्रमांकाच्या पेपरपासून सुरुवात करून १८०, २४० आणि ३२० पर्यंत जा. पोकळीच्या आसपास लेथ बंद ठेवून हातानेच घासावे.

पोकळी राळेने भरण्याचा सल्लाही कुणीतरी देईलच, म्हणून माझे मत आधीच नोंदवतो: भरू नका. रंगीत, चकचकीत राळेने भरलेली भेग बारीक चिरेच्या जागी शोभते, पण जिथे झाडाने स्वतः दोन फांद्यांमध्ये वाट सोडली आहे तिथे तिचा निळा तुकडा परका वाटतो. आतली सैल साल लाकडी काडीने खरवडून काढा आणि जी घट्ट आहे तिच्या मुळाशी पातळ सायनोअॅक्रिलेट मुरवा. बाहेरची साल राखण्याचा हट्ट मात्र धरू नका. झाड वाढीच्या दिवसांत पडले असेल तर साल आणि लाकूड यांमधला थर मऊ असतो आणि ती आज ना उद्या सुटते. अनेक गाठींच्या सालीखाली लहान लहान टोकदार उंचवटे असतात. ते पितळी ब्रशने स्वच्छ करून तोंडाच्या काठाशी तसेच ठेवले, तर सालीपेक्षा देखणे दिसतात.

नवा_लेथवाला

पहिला टप्पा पार पडला आहे. भिंत ३ सेंमीच्या आसपास ठेवून पात्र कागदी पिशवीत ठेवले आहे आणि वजन लिहायला सुरुवात केली आहे. फुगवट्याच्या सालीखाली खरोखरच तसे टोकदार उंचवटे निघाले. पुढील तयारी म्हणून शेवटचे विचारतो: पृष्ठभागाला जवस तेल द्यावे की आणखी काही? आणि खुंटा केव्हा, कसा काढावा?

पॉलिश_पेपर

या लाकडाला तेल देऊ नये, असे मी सांगेन. तेलाने निरोगी लाकडाची झळाळी वाढते हे खरे आहे, परंतु मऊ भाग ते अधाशासारखे पितो आणि तिथे मळकट, तपकिरी डाग पडतात. पांढरेपणा पिवळा होतो, आणि पांढऱ्यावर काळी रेषा हा जो विरोध या पात्राचा प्राण आहे, तोच फिका पडतो. पाण्यात मिसळणारे पारदर्शक अॅक्रिलिक पॉलिश रंग सर्वांत कमी बदलते. त्याचा पहिला हात दिला की लाकडाची लव उभी राहते, ती ३२० ने अलगद उतरवून पुढचे दोनतीन पातळ हात द्या. चमक मध्यम ठेवा, कारण आरशासारख्या पृष्ठभागावर रेषांऐवजी खिडकीच दिसते. तरीही जवस तेलाचाच आग्रह असेल, तर वापरलेली फडकी चुरगळून टाकू नका, ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. तेल सुकताना निर्माण होणारी उष्णता घडीत कोंडली, तर ती फडकी आपोआप पेट घेतात. कोणताही लेप दिला तरी पात्र थेट उन्हात ठेवू नये, उन्हाने लाकडाचा रंग बदलत जातो.

जुना_कातारी

खुंटा सर्वांत शेवटी काढायचा. वाळल्यावर तोही लंबगोल झालेला असेल, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या आरंभी पात्र टेलस्टॉकच्या आधाराने उलटे धरून आधी खुंटा पुन्हा गोल करून घ्या, मगच ते चकमध्ये बसवून बाहेरचा आणि आतला अंतिम काप घ्या. मऊ पट्टे लक्षात घेता भिंत ८ मिमीच्या खाली नेऊ नका. पॉलिश झाल्यावर तोंडाच्या मापाचा लाकडी ठोकळा कातून चकमध्ये धरा, त्यावर पातळ फेल्ट लावून पात्र उलटे बसवा आणि टेलस्टॉकने बुडाच्या मध्यावर हलका दाब द्या. तोंड अरुंद असल्याने हा दाब तोंडाच्या काठावर न येता आतून खांद्यावर पेलला जाईल, असा त्या ठोकळ्याचा आकार असावा. खुंटा कडेकडून बारीक करत बोटाएवढा उरला की लेथ थांबवा, उरलेला बुंधा धारदार पटाशीने हाताने छाटा आणि जागा घासून घ्या. बूड मध्यभागी मिलिमीटरभर खोलगट ठेवा, म्हणजे पुढे हवामानाप्रमाणे लाकूड थोडे हलले तरी पात्र कडेवरच टेकेल आणि डुलणार नाही.